सहाचे पाच

गोल्फ हा खेळ मी आयुष्यात कधी खेळले नाही, आणि आता पंचाहत्तरी उलटल्यावर खेळेन असा संभवही नाही. माझा नि या खेळाचा जो काय संबंध आला तो एका कुंपणाच्या अलीकडून. येरवड्याला माझी आत्या राहत असे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तिच्याकडे गेलो, की पुण्याच्या गोल्फ क्लबाच्या कुंपणाशी उभे राहून आतली गंमत बघायचो. डोक्याला टोपी घातलेले एखादे गृहस्थ काठी उगारून एवढ्याशा पांढऱ्या चेंडूला तडाखा देत आणि मग त्या चेंडूच्या मागे सावकाश चालू लागत. त्यांच्या मागून काठ्यांची पिशवी खांद्याला अडकवलेला एक पोरगा. बराच वेळ दुसरे काहीच घडत नसे. आत्या म्हणायची, "एवढं चालायचंच आहे, तर मेले पर्वती का चढत नाहीत? देवदर्शन तरी होईल!" आत्याचे हे मत मी पुढे पन्नास वर्षे बिनतक्रार बाळगले.

ते बदलले एका बेरजेमुळे. मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. कुठेही चुकलेली बेरीज दिसली, मग ती वाण्याच्या चिठ्ठीत का असेना, की मला चैन पडत नाही. निवृत्तीनंतर एकदा रद्दीच्या दुकानात जुन्या अमेरिकन मासिकांचा गठ्ठा पडलेला होता. दुकानदार शेवयांच्या पुड्या बांधायला त्यांतली पाने फाडीत होता, आणि मी माझी पाळी येईपर्यंत एक अंक चाळीत उभी होते. त्यात एका खेळाडू बाईची हकीगत होती. तिच्या कागदावरची एकूण बेरीज अगदी बरोबर होती. तरीही आतला एक आकडा चुकला म्हणून तिच्या हाती आलेले अमेरिकेचे अजिंक्यपद काढून घेण्यात आले होते. बेरीज बरोबर, आणि निकाल नापास! मी ते मासिक शेवयांसकट घरी आणले. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचीत गेले. आज ती हकीगत सांगायची आहे. आणि तिच्या आडोशाने माझी स्वतःचीही एक, जी मी आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल खणतो ना, तशीच एक गल पाचसहाशे पावलांवर कुठेतरी आहे अशी कल्पना करा. इथून चेंडू मारायला सुरुवात करायची आणि कमीत कमी फटक्यांत तो त्या गलीत पोचवायचा. वाटेत झाडे, वाळूचे खड्डे, तळी. अशा अठरा गली, म्हणजे अठरा 'होल', झाले की एक फेरी पुरी. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या खेळतात, आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकला. आपल्याकडे मार्क जास्त मिळवणारा पहिला येतो, इथे कमीवाला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. क्रिकेटात पंच असतो, कुस्तीत असतो, खोखोतसुद्धा असतो. गोल्फात प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच कोण हिंडवणार? मैदान दीड-दोनशे एकरांचे आणि खेळणारे शंभरावर. म्हणून या खेळाने एक जुनीच तोड काढलेली आहे. जोडीने खेळणाऱ्या दोघांनी एकमेकांचे कार्ड सांभाळायचे. तुझे फटके मी लिहायचे, माझे तू. फेरी संपल्यावर आपापले कार्ड हाती घ्यायचे, प्रत्येक होलचा आकडा तपासायचा, खाली सही करायची आणि मेजावरच्या अधिकाऱ्यांकडे द्यायचे. एकदा दिले की दिले. त्यावर खाडाखोड नाही, की दुरुस्ती नाही.

स्त्रियांच्या धंदेवाईक गोल्फमध्ये आज पाच स्पर्धा सर्वांत मोठ्या, 'मेजर', समजल्या जातात. त्यांतली वयाने थोरली म्हणजे यू. एस. विमेन्स ओपन. ती सुरू झाली १९४६ साली, वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन नावाच्या गावी. महायुद्ध नुकतेच संपलेले होते. पहिली विजेती पॅटी बर्ग हिला बक्षीस मिळाले ते रोख नव्हे, सरकारी युद्धरोख्यांच्या रूपाने. त्या काळी गोल्फवर पोट भरणाऱ्या बायका अमेरिकेतही बोटांवर मोजण्याइतक्या. १९५० साली तेराजणींनी मिळून आपली संघटना काढली, लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन. संघटना म्हणजे काय, तर याच बायका मोटारी हाकीत एका गावाहून दुसऱ्या गावी जात, पत्रव्यवहार करीत, मैदान आखून घेत, बक्षिसांचे हिशेब ठेवीत आणि उरलेल्या वेळात खेळत. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडाची आठवण व्हावी असा तो संसार होता. ओपन स्पर्धाही प्रारंभी बायकांनीच रेटली. १९५३ पासून ती युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने, म्हणजे पुरुषांची ओपन भरवणाऱ्या जुन्या नि मातब्बर संस्थेने, आपल्याकडे घेतली. सोय झाली, प्रतिष्ठा आली. तिच्याबरोबर नियमांचे जाडजूड पुस्तकही आले.

त्या तेराजणींतल्या बेब झहरायसचे नाव इथे घेतल्यावाचून राहवत नाही, जरी तिचा या गोष्टीशी थेट संबंध नाही. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये धावण्यात आणि भालाफेकीत सुवर्णपदके मिळवलेली ही बाई पुढे गोल्फकडे वळली. १९५३ साली तिला आतड्याचा कर्करोग झाला, मोठी शस्त्रक्रिया झाली. लोकांनी धरून चालले, की आता ही संपली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये सेलमच्या मैदानावर तिने विमेन्स ओपन जिंकली, आणि तीही बारा फटक्यांच्या अंतराने. १९५६ च्या सप्टेंबरात ती गेली. तिच्या पश्चात पहिली ओपन भरली ती १९५७ ची, न्यूयॉर्कजवळ मॅमरोनेक येथे, विंग्ड फूट क्लबाच्या पूर्वेकडच्या मैदानावर. आपली गोष्ट तिथली.

गोष्टीत तीन बायका आहेत. शाळेतल्या सवयीने मी त्यांना बाईच म्हणणार.

पहिल्या जॅकी पंग. या हवाई बेटांवरच्या, होनोलुलूत जन्मलेल्या. हवाई हे तेव्हा अमेरिकेचे राज्यही झालेले नव्हते. ते झाले १९५९ साली. अंगाने भरलेल्या, मनमोकळ्या, जिंकल्यावर लोकांपुढे आपल्या बेटावरचा हुला नाच करून दाखवायला न लाजणाऱ्या. लग्न झालेले, लेकुरवाळ्या. १९५२ साली त्यांनी अमेरिकेची हौशी स्त्रियांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि दुसऱ्या वर्षी धंदेवाईक म्हणून उतरल्या. त्याच वर्षी ओपनमध्ये चार फेऱ्यांअंती त्यांची बेट्सी रॉल्स यांच्याशी बरोबरी झाली. मग दुसऱ्या दिवशी अठरा होलांचा निकाली सामना खेळावा लागला, आणि त्यात पंगबाई हरल्या. म्हणजे १९५७ ला त्या उतरल्या तेव्हा ओपनचा घास एकदा ओठांशी येऊन परत गेलेला होता.

दुसऱ्या याच बेट्सी रॉल्स. या टेक्ससच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेल्या. (माझे मन त्यांच्याकडे ओढ घेते ते का, हे सांगायला नको.) शांत, मोजक्या, डोके थंड ठेवून खेळणाऱ्या. १९५१ आणि १९५३ अशा दोन ओपन त्यांच्या नावावर जमा झालेल्या.

तिसऱ्या बेटी जेम्सन. संघटना काढणाऱ्या तेराजणींपैकी याही एक. १९४७ ची ओपन यांनी २९५ फटक्यांत जिंकली होती. चार फेऱ्यांत तीनशेच्या आत येणारी ही पहिलीच स्त्री. वर्षभरात सरासरीने सर्वांत कमी फटके घेणाऱ्या खेळाडूसाठी १९५२ साली एक करंडक ठेवण्यात आला. तो आजही दिला जातो. जुन्या काळच्या थोर खेळाडू ग्लेना कॉलेट व्हेअर यांच्या नावाचा हा करंडक संघटनेला कुणी दिला? जेम्सनबाईंनी. फटक्यांच्या काटेकोर हिशेबाची अशी आस्था असलेली बाई त्या दिवशी पंगबाईंच्या जोडीला होती आणि पंगबाईंचे कार्ड तिच्या हाती होते. नियती चेष्टा करायची ठरवते तेव्हा माणसे कशी निवडून घेते पाहा!

त्या काळी शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या खेळायच्या असत. सकाळी एक, दुपारी एक, म्हणजे छत्तीस होलांची पायपीट. दुपारच्या फेरीत पंगबाई आणि जेम्सनबाई चौथ्या होलवर आल्या. दोघींनाही तिथे सहा-सहा फटके लागले. जेम्सनबाईंनी पंगबाईंच्या कार्डावर लिहिले पाच. आणि पंगबाईंनी जेम्सनबाईंच्या कार्डावर लिहिले तेही पाचच!

शेजारी बसलेल्या दोन मुलींच्या उत्तरपत्रिकांत एकाच प्रश्नाला एकच चूक सापडली, की आम्ही मास्तर मंडळी काय समजतो ते पालकांना ठाऊक आहे. पण इथे संशयाला जागाच नव्हती. कारण पंगबाईंच्या कार्डावर सर्व होलांची बेरीज म्हणून जो आकडा होता तो ७२, आणि त्यांनी खरोखरच ७२ फटके घेतले होते. चोरी करायची असती तर ७१ लिहिले असते. बेरीज मनातली होती, आणि मन खरे बोलत होते. हात तेवढा चुकला होता. मला वाटते, खेळाच्या भरात दोघींच्याही डोक्यात पुढचा फटका घोळत असणार, आणि आकडा लिहिणे हे काम अशा वेळी जिरे-मोहरी फोडणीत टाकावी तसे न बघता होऊन जाते.

चार फेऱ्यांचे मिळून पंगबाईंचे २९८ झाले. रॉल्सबाईंचे २९९. एका फटक्याने ओपन जिंकली! चार वर्षांपूर्वी हुकलेली, त्याच रॉल्सबाईंकडून. मैदानाभोवती जमलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंगबाईंची किशोरवयीन मुलगी त्या दिवशी आईबरोबर आलेली होती. मिठ्या, अभिनंदने, छायाचित्रकारांची धावपळ, लोकांचे घोळके. आणि या गर्दीगोंधळात, मेजापाशी, कार्डावर सही.

थोड्याच वेळात बातमी पसरली, की पंगबाई बाद झाल्या आहेत. चौथ्या होलवर सहा घेतले, कार्डावर पाच, आणि त्याखाली त्यांची सही. जेम्सनबाईही त्याच कारणाने बाद. ओपनच्या विजेत्या बेट्सी रॉल्स.

इथे नियम नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर आपण उगीच अधिकाऱ्यांना शिव्या घालू. कार्डावरची एकूण बेरीज करणे हे खेळाडूचे काम नाही. ते स्पर्धेच्या समितीचे. पंगबाईंनी बेरजेच्या जागी काहीही लिहिले असते किंवा ती जागा कोरी ठेवली असती, तरी त्यांचे काही बिघडले नसते. खेळाडूची जबाबदारी आहे ती प्रत्येक होलच्या आकड्याची. तो खऱ्यापेक्षा जास्त लिहिला गेला तर लिहिलेला जास्तीचा आकडा कायम. सोसा आपल्या हाताने. आणि खऱ्यापेक्षा कमी लिहिला तर बाद. म्हणजे जी बेरीज पंगबाईंनी बरोबर केली ती कुणी त्यांना मागितलीच नव्हती, आणि जो आकडा मागितला होता तो चुकला. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर पण रीत चुकली, असे घडले की मी निम्मे मार्क देत असे. गोल्फात निम्मे मार्क नाहीत.

नियमाच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येईल. जिथे पंच नाही तिथे कागद हाच साक्षीदार. आज पंगबाईंचा भाबडेपणा उघड दिसतो म्हणून सोडले, तर उद्या दुसऱ्या कुणाचा भाबडेपणा कुणी मोजायचा? या खेळात स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची परंपरा आहे. १९२५ च्या पुरुषांच्या ओपनमध्ये, वूस्टरच्या मैदानावर, बॉबी जोन्स या अव्वल खेळाडूने आपला चेंडू किंचित हलला असे स्वतःच सांगून स्वतःला एक फटका दंड लावून घेतला. दुसऱ्या कुणी ते पाहिलेलेही नव्हते. तो एक फटका नसता तर तो जिंकला असता. त्यामुळे बरोबरी झाली, आणि निकाली सामन्यात तो हरला. लोक स्तुती करू लागले तेव्हा त्याने ती झिडकारली. बँक लुटली नाही म्हणून माणसाची पाठ थोपटता काय, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाल्याचे सांगतात. असा बाणा ज्या खेळाने जपला त्याने नियम वाकवू नये, हे मला पटते. आपल्याकडेही पेशवाईत रामशास्त्र्यांचे नाव झाले ते राघोबादादांची भीड न ठेवल्यामुळेच ना?

पटते, पण पुरते नाही. रामशास्त्र्यांपुढे होता तो खुनाचा गुन्हा; इथे होती ती लेखणीची घसरण. चोर आणि विसरभोळा यांना एकाच फटक्याने मारणाऱ्या नियमाला मी न्याय म्हणायला तयार नाही. फार तर शिस्त म्हणेन. आणि शिवाय एक. ती चूक पंगबाईंच्या कार्डावर लिहिली होती दुसरीनेच! पंगबाईंचा गुन्हा एवढाच, की दुसरीने लिहिलेले त्यांनी विश्वासाने खरे मानले आणि खाली सही केली.

विंग्ड फूटच्या सभासदांनाही ते सहन झाले नसावे. तिथल्या तिथे वर्गणी निघाली. सभासद, अधिकारी, वार्ताहर, ज्यांच्या हातून जे सुटले ते. रॉल्सबाईंना पहिल्या क्रमांकाचे बक्षीस होते १,८०० डॉलर. पंगबाईंसाठी जमलेली रक्कम त्याहून मोठी झाली. पैशाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी हरलेली बाई जिंकलेलीपेक्षा अधिक घेऊन घरी गेली. पण ओपनच्या करंडकावर वर्गणीने नाव कोरता येत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. सांगितली नाही, तर वर एवढ्या अधिकारवाणीने जे बोलले ते बोलायचा मला हक्क नाही.

साल १९८१. शालान्त परीक्षेच्या गणिताच्या उत्तरपत्रिका तपासायला माझ्याकडे आल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस. घरी धाकटा तापाने फणफणलेला, सासूबाईंचे पापड-कुरडयांचे वाळवण गच्चीवर, आणि मी कोपऱ्यात गठ्ठा घेऊन बसलेली. उत्तरपत्रिकेच्या आत प्रत्येक प्रश्नाला मार्क द्यायचे, मग ते मुखपृष्ठावरच्या चौकटीत उतरवायचे, खाली बेरीज करायची आणि सही ठोकायची. एका मुलीच्या पत्रिकेत तिसऱ्या प्रश्नाला मी आत दिले होते नऊ. चौकटीत उतरवताना लिहिले सहा. देवनागरी नऊ आणि सहा यांचे तोंड तेवढे फिरवायचे असते. बेरीज मात्र मी आतले आकडे डोक्यात धरून केली होती. ती बरोबर होती!

पुढे कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी चौकट पडताळून पाहिली. आकडे आणि बेरीज जुळेनात. नियमाप्रमाणे पत्रिका बाजूला निघाली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा त्या नंबरापुढे 'राखून ठेवला' असे आले. मला चौकशीचे पत्र आले, मी गेले, चूक कबूल केली, लाल शाईने दुरुस्ती करून शेजारी पुन्हा सही केली. वरिष्ठ गृहस्थ सज्जन होते. "होतं असं, बाई," एवढेच म्हणाले. माझ्यापुरते प्रकरण संपले.

पण तो नंबर माझ्या डोक्यात राहिला. गणिताच्या शिक्षिकेच्या डोक्यात आकडे राहतात, हा एक रोगच आहे. आणि आठच दिवसांनी आमच्या शेजारच्या काकू ओट्यावर बसून आपल्या भाचीचे रडगाणे सांगू लागल्या. पोर हुशार, सायन्सला जायचे तिने ठरवलेले. आणि बघा ना, निकालच राखून ठेवलाय, कॉलेजात फॉर्म भरायची मुदत चालली. बोलता बोलता त्यांनी नंबर सांगितला.

मी काय बोलले? काहीच नाही. "होईल हो, लागेल निकाल," असे म्हणून आत गेले आणि चहा टाकला. निकाल लागला, मार्कही चांगले मिळाले, पण तोवर सायन्सच्या जागा भरून गेल्या होत्या. मुलगी कॉमर्सला गेली. पुढे ती एका पतपेढीत लागली, तिचे लग्न झाले, मुले झाली. काही वर्षांपूर्वी काकूंच्या घरच्या मुंजीत ती मला भेटली. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही गणित शिकवत होतात ना? मला गणित फार आवडायचं." मी तिला आशीर्वाद दिला. तेव्हाही बोलले नाही. आज लिहिते आहे. तिने हे वाचले तर तिला कळेल. वाचले नाही तर हा माझा भित्रेपणा आहे तिथेच राहील.

म्हणूनच जेम्सनबाईंच्याबद्दल मला जास्त वाटते. पंगबाईंबद्दल सगळ्यांनाच वाटले. पण जिने आपल्या हाताने दुसरीच्या कार्डावर पाच लिहिले, तिची ती संध्याकाळ कशी गेली असेल? त्या स्वतःही बाद झाल्या ही शिक्षाच, पण विजेतेपद हुकले ते दुसरीचे. त्यांच्यासाठी कुणी वर्गणी काढली नाही, आणि काढली असती तरी त्यांनी ती घेतली असती असे मला वाटत नाही.

अशी चूक पुढे थांबली का? छे! १९६८ साली अमेरिकेतल्याच मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी व्हिसेंझोचे नशीब असेच फिरले. सतराव्या होलवर त्याने तीन घेतले, जोडीदाराने लिहिले चार, याने न पाहता सही केली. इथे चूक उलटी, जास्तीची. म्हणून तो बाद झाला नाही, पण जास्तीचा आकडा कायम राहिला आणि तेवढ्याने त्याची बरोबरी हुकली, निकाली सामना हुकला. अगदी अलीकडे, २०२४ च्या फेब्रुवारीत, जॉर्डन स्पीथ हा नामांकित खेळाडू कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेतून बाद झाला. चार घेऊन तीन लिहिलेल्या कार्डावर त्याची सही होती. होल कितवा? तोच, चौथा! आता प्रत्येक फटका यंत्रात नोंदला जातो, जगभर घरबसल्या दिसतो, कार्ड द्यायला स्वतंत्र खोली असते; तरीही साक्षीदार म्हणून चालतो तो सहीचाच कागद. नियम काही ठिकाणी सौम्य झाले आहेत. खेळाडूला ठाऊकच नसलेला दंड लिहायचा राहून गेला तर आता तो बाद होत नाही. पण घेतलेले फटके कमी लिहिले तर आजही क्षमा नाही.

रॉल्सबाईंचे पुढे काय झाले, हे सांगायलाच हवे. १९५७ ची ओपन त्यांना मिळाली ती दुसरीच्या चुकीने, पण त्यांचे कर्तृत्व चुकीवर उभे नव्हते. १९६० साली त्यांनी चौथ्यांदा ओपन जिंकली, आणि ती कुठे, तर वूस्टरच्या मैदानावर. बॉबी जोन्सने स्वतःला दंड लावून घेतला होता त्याच ठिकाणी. एकंदर पंचावन्न स्पर्धा त्यांनी जिंकल्या. खेळणे थांबवल्यावर १९७५ पासून काही वर्षे त्या स्त्रियांच्या संघटनेच्या स्पर्धांच्या संचालक होत्या. १९८० साली पुरुषांच्या यू. एस. ओपनच्या नियम समितीवर प्रथमच एका स्त्रीला घेण्यात आले. ती स्त्री म्हणजे बेट्सी रॉल्स. नियमाने जिला एकदा विजेती केले, तीच पुढे नियमाच्या मेजापलीकडे जाऊन बसली.

बक्षिसेही वाढली. रॉल्सबाईंना १,८०० डॉलर मिळाले होते. २०२२ साली ही ओपन ऑस्ट्रेलियाच्या मिंजी ली हिने जिंकली, तेव्हा तिला मिळाले अठरा लाख. बरोबर हजारपट. पडताळून पाहा.

पंगबाईंना ओपन पुन्हा मिळाली नाही. कुठलीच 'मेजर' मिळाली नाही. धंदेवाईक म्हणून पाच स्पर्धा त्यांनी जिंकल्या, मग हवाईला परत जाऊन वर्षानुवर्षे लोकांना खेळ शिकवला. १९५७ च्या अधिकृत नोंदीत पहिल्या रॉल्स २९९, दुसऱ्या पॅटी बर्ग ३०५, अंतर सहा फटके. ज्याला ठाऊक नाही तो म्हणेल, केवढा हा सहज विजय! २९८ हा आकडा त्या नोंदीत नाही.

जॅकी पंग मार्च २०१७ मध्ये वारल्या, बेट्सी रॉल्स ऑक्टोबर २०२३ मध्ये. जन्मतारखा काढून मी वये मांडून पाहिली, सवयीने दोनदा. दोघींचेही वय पुरे पंचाण्णव भरले.